एस.टी.ची सवय आणि विमानातले सोळा तास

इंदापूर तालुक्यातील आमचे कळंब हे नीरा नदीकाठचे, वालचंदनगरला लागून असलेले गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात या परिसरात साखर कारखाना उभा केला आणि १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमाने बांधणारी कंपनी काढली. म्हणून विमानाशी आमचे नाते जुने, असे मी थट्टेने म्हणतो. खरे वाहन मात्र एस.टी.च. बारामतीवरून पुण्याला जायचे म्हणजे पूर्वी चार तास सहज लागत. माझी आई त्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडत असे. स्थानकावरील स्वच्छतागृहात पाऊल टाकण्यापेक्षा तहान बरी, असा तिचा हिशेब होता. आपल्या घरातील आई, आजी, मावशी यांना विचारून पाहा. बहुतेकींचा हिशेब हाच निघेल.

ही सवय चार तासांच्या प्रवासात निभावून जाते. सोळा तासांच्या प्रवासात काय होते, ते मी गेल्या वर्षी पाहिले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई माझ्यासोबत अमेरिकेला, माझ्या धाकट्या बहिणीकडे निघाली होती. मुंबईहून थेट विमान, मध्ये कुठेही उतरणे नाही. पहिले काही तास सुखाचे गेले. आठव्या तासाच्या सुमारास मागच्या भागातील शौचालयांमधला कागद संपला, पाठोपाठ पाणी पिण्याचे कागदी पेले संपले, आणि दोन शौचालयांच्या दारांवर ‘बंद’ अशी पट्टी लागली. उरलेल्यांसमोर रांग होती. कर्मचारी बिचारे दिलगिरी व्यक्त करत होते. पण दिलगिरीने तहान भागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपण ती सहसा बोलत नाही. आपल्याकडील ज्येष्ठांना कागदाची सवय नसते. विमानातील शौचालयात तांब्या किंवा फवारा सहसा नसतो, म्हणून अनेक जण कागदी पेल्यात बेसिनचे पाणी घेऊन काम भागवतात. पेले संपले म्हणजे आईच्या दृष्टीने शौचालयच संपले. तिने कोणालाही काही न सांगता पाणी पिणे थांबवले. मी शेजारच्याच खुर्चीत डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलो होतो.

जागा झालो तेव्हा विचारले, ‘‘आई, पाणी प्यायलीस का?’’

‘‘कशाला? तिथं कागदबी संपलाय, पेलाबी संपलाय. पाणी पिऊन जायचं कुठं?’’

थोड्या वेळाने पाय अवघडले म्हणून ती उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खुर्चीच्या हातावर कलली. जीभ कोरडी, नाडी जलद. कर्मचाऱ्यांनी विमानातील वैद्यकीय पेटी आणली. रक्तदाब मोजला, वरचा आकडा ९० होता. एरवी तो १३० च्या आसपास असतो. कारणही मला लगेच उमगले, आणि ते उमगणे सुखद नव्हते. निघताना मी स्वतः तिला रक्तदाबाची गोळी दिली होती. तिच्यात लघवी वाढवणारे औषध असते. एकीकडे पाणी बाहेर टाकणारी गोळी, दुसरीकडे पाणी पूर्ण बंद. दवाखान्यात असा रुग्ण आला असता, तर त्याच्या मुलाला मी चांगलेच बोललो असतो.

आईला तीन खुर्च्यांवर आडवे केले, पाय उशांवर उंच ठेवले. ओ.आर.एस.ची पाकिटे आणली होती, पण ती मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात. शेवटी एका कर्मचारी मुलीने स्वतःसाठी ठेवलेली एक लिटरची बाटली आणून दिली. जेवणाच्या तबकांतील साखर-मिठाच्या पुड्या गोळा केल्या. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण अंदाजाने साधले आणि घोट घोट पाजले. तासाभरात आई सावरली आणि ‘उगाच लोकांना तसदी दिली’ म्हणून खंतावत बसली. (आपल्या रुग्णाला मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर हे पाणी स्वतःच्या अंदाजाने देऊ नये.)

विमानात गोष्टी संपतात, त्यामागे नेहमी निष्काळजीपणा असतो असे नाही. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, आणि वजन वाढले की इंधन वाढते. म्हणून सगळे मोजून घेतले जाते. शौचालये थोड्याशा पाण्यावर आणि हवेच्या ओढीवर चालतात. अनेक शौचालयांचा मैला एकाच नळीतून टाकीकडे जातो, त्यामुळे ती नळी तुंबली की एकदम तीन-चार दारे बंद होतात. मार्च २०२५ मध्ये शिकागोहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान दहा तासांहून अधिक उड्डाण करून पुन्हा शिकागोलाच उतरले, कारण १२ पैकी ८ शौचालये निकामी झाली होती. नळ्यांमध्ये पॉलिथिनच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे सापडल्याचे कंपनीने सांगितले. डायपर किंवा कापड भांड्यात टाकू नका, असे मी घरच्या सोबत्यांना बजावून सांगतो, ते यामुळेच.

शरीराची बाजूही समजून घ्या. उंचावरून उडणाऱ्या विमानातील हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा इतका असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे आपण आपल्या आजीला त्याहूनही वर नेऊन पंधरा-सोळा तास बसवतो. हवा आमच्या वैशाखातील दुपारीसारखी कोरडी, बहुधा २० टक्क्यांहूनही कमी आर्द्रतेची. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहान लागली तर मागेन’ या वाक्यावर विसंबू नका. चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. मुळात तो धोका थोडाच, दुप्पट होऊनही सहा हजारांत एकाच्या आसपास. पण पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांनी तासातासाला घोटे फिरवावेत, शक्य तेव्हा उठून चालावे. शौचालयाला जाणे हेदेखील चालणेच आहे.

परतीच्या प्रवासासाठी मी आईची पिशवी वेगळीच भरली. सुरक्षा तपासणीतून १०० मिलिलिटरहून अधिक पाणी नेता येत नाही. रिकामी बाटली मात्र नेता येते आणि ती आत गेल्यावर भरून घेता येते. म्हणून पिण्यासाठी एक मोठी बाटली, आणि शौचालयासाठी वेगळ्या रंगाची एक लहान, तीही रिकामी. सोबत कागदी रुमाल, दोन डायपर, एक आतला कपड्यांचा जोड, ओ.आर.एस., दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. सगळी औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मोठ्या बॅगेत टाकूच नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. लघवीच्या गोळीची वेळ बदलायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा. परस्पर बंद करू नका. आसनही शौचालयाच्या जवळचे आणि मार्गिकेच्या कडेचे मागून घेतले.

तुकोबारायांची पालखी आमच्याजवळच्या आंथुर्णे गावी मुक्कामाला येते, तेव्हा मी तपासणीसाठी तेथे बसतो. सत्तरी ओलांडलेल्या वारकरी बाया भर उन्हातून आलेल्या असतात, तरी त्यांच्यात पाणी तोडलेल्या मला कमी आढळतात, कारण वाटेवरचा प्रत्येक गाव ‘माउली, पाणी घ्या’ म्हणून हातात पेला देतो. विमानात कोणी असा आग्रह करत नाही. मागावे लागते, आणि मागणे आपल्या ज्येष्ठांना जड जाते. आईला मी ‘वॉटर, प्लीज’ एवढे दोन शब्द शिकवले. परतताना तिने ते इतक्या वेळा वापरले की शेवटी मलाच संकोच वाटू लागला.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारचे आजी-आजोबा मुलाकडे निघाले आहेत. परवा संध्याकाळी त्यांची पिशवी तपासायला गेलो. बाटल्या होत्या, चटणी होती, औषधांची चिठ्ठी होती. ओ.आर.एस. दिसेना. शोधाशोध केल्यावर ते मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीखाली सापडले.