लग्नघरचे चित्रण

शिक्षक सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याने पुढे काय करावे, याविषयी घरातील प्रत्येकाचे काही एक मत असते. आमच्या घरात मत पडले ते थोरल्या पुतण्याचे. छत्तीस वर्षे मुलांकडून शब्द व धातू घोकून घेतल्यावर आता ज्ञानेश्वरी घेऊन माडीवर स्वस्थ बसावे, असे आम्ही योजिले होते, परंतु पहिल्याच दसऱ्यास पुतण्या म्हणाला, “काका, तुमचे अक्षर वळणदार, पंचांग तुम्हांला कळते, आणि तुम्हांला कोणी फसवू शकत नाही. आमच्या दुकानाची वही तुम्ही सांभाळा.” यातील शेवटचे विधान आमच्या कुटुंबास मुळीच मान्य नव्हते. तरी सदाशिव पेठेतील त्या दोन खोल्यांत आम्ही जाऊन बसलो, ते आज इतकी वर्षे बसलोच आहोत.

दुकान कशाचे, तर लग्नांच्या चित्रणाचे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, आणि पुढे पाठशाळेत पंचमहाकाव्यांपर्यंत मजल गेलेली. आमच्यासारख्याचा कॅमेऱ्याशी संबंध तो काय? आमच्या लग्नात एक छायाचित्रकार आला होता. त्याने छत्तीस छायाचित्रे काढली. पैकी चारांत आमचे डोळे मिटलेले आहेत. पुढे घरोघर टेपा आल्या, त्यांच्या जागी तबकड्या आल्या, आणि आता तर हाती काहीच येत नाही. भ्रमणध्वनीवर एक दुवा येतो आणि त्यावर बोट ठेवले की लग्न सुरू होते.

या धंद्याची पहिली गोष्ट आम्ही शिकलो ती ही की, कॅमेरा कितीही महाग घेतला तरी मालक पंचांगच. तुळशीचे लग्न झाले की सराई सुरू होते, मध्ये पौषात थोडी थंडावते, वैशाख-ज्येष्ठात भरास येते, आणि आषाढी एकादशीस चातुर्मास लागला की दुकानात आम्ही आणि पाल एवढेच उरतो. २०२४ साली शुक्राच्या अस्तामुळे पुष्कळ पंचांगांत मे-जूनचे नेहमीचे मुहूर्तच नव्हते. त्या उन्हाळ्यात आम्ही वहीची पाने कोरी पाहिली. उलट, एखाद्या दिवशी मुहूर्त इतके दाटतात की एकच पुतण्या तीन कार्यालयांत हवा असतो. तेव्हा तीन तुकड्या कराव्या लागतात, बाहेरची मुले रोजावर आणावी लागतात, आणि कोणाची बयाणा रक्कम आली, कोणाची नुसती तोंडी गोष्ट झाली, हे पाहण्याचे काम आमच्याकडे येते. तोंडी गोष्टीवर तारीख अडवू नये, हा नियम आमचा. तो मोडून पुतण्याने दोनदा हात पोळून घेतले आहेत.

दुसरी गोष्ट कळली ती कष्टांची. लोकांस वाटते, पोरे पंगतीत जेवतात आणि चार चित्रे घेतात. प्रत्यक्षात पहाटे गौरीहराच्या आधी जाऊन उभे राहावे लागते, ते पाठवणी होईपर्यंत बैठक म्हणून नाही. वीज सेकंदास पन्नास आवर्तने करते. कॅमेऱ्याचा पडदा त्या हिशेबाने उघडला-मिटला नाही, तर मांडवातील दिव्यांमुळे चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. एक कार्ड बिघडले तर लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र उतरवावे लागते. ड्रोन उडवावयाचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी नकाशा पाहावा लागतो. पुण्यात लोहगावचा विमानतळ वायुदलाचा, त्यामुळे परवानगीशिवाय पुष्कळ भागात त्याने जमिनीवरच राहावे हे बरे.

या साऱ्यांत आमचे आणि मुलांचे एका गोष्टीवरून मात्र नेहमी वाजत असे. सप्तपदी चालू असताना कोणी तरी म्हणणार, “गुरुजी, जरा थांबा. वहिनी, तेवढे पाऊल पुन्हा टाका, उजेड आला नाही.” आमच्या अंगाचा तिळपापड होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे की, ज्या विवाहात सप्तपदी हा विधी आहे तो विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे या पोरांच्या उजेडासाठी वधूवरांनी आठवे, नववे पाऊल टाकले तर त्यास काय म्हणावे? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही, विवाह हा संस्कार आहे, नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा नुसता समारंभ नव्हे, असे बजाविले. ते वृत्त आम्ही कात्रण करून दुकानात डकविले. पुतण्या हसून म्हणाला, “काका, न्यायाधीशांच्या मुलांच्या लग्नातही ड्रोन असेल.” असेलही.

आमच्या मनात या कलेविषयी आदर नाही असे मात्र समजू नये. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत १८९९ साली कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे स्वागत चित्रित केले. या देशातील पहिल्या चलच्चित्रकारांपैकी हा एक मराठी गृहस्थ. आणि त्याने रँग्लरसाहेबांस ‘बोटीवरून पुन्हा एकदा उतरा’ असे सांगितले असेल, हे आम्हांस खरे वाटत नाही. जे घडले ते राखून ठेवणे, एवढेच काम. एप्रिल २०२१ मध्ये लग्नास पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच सरकारी मुभा होती, तेव्हा पुतण्याने एकच कॅमेरा तिकाटण्यावर उभा करून लग्ने जशीच्या तशी दूरवर दाखविली. कोणाचे आजोबा नागपुरास, कोणाची बहीण अमेरिकेत. त्या वर्षी चित्रे सजलेली नव्हती. पण तक्रारही एक आली नाही.

आता आमच्याकडून जे घडले ते सांगतो. याच कारणाने हा लेख लिहावयास घेतला आहे.

२०२३ च्या वैशाखात एका परिचित घराण्यातील मुलीचे लग्न होते. वधूचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, आमच्यासारखेच शिक्षक. त्यांनी नातीसाठी शार्दूलविक्रीडितात एक मंगलाष्टक रचले होते आणि ते स्वतः म्हटले. वधूवर लगेच परदेशी जावयाचे असल्याने त्यांनी मोठे चित्रण नको, अर्ध्या तासाचा एकच सुबक चित्रपट हवा, असे ठरविले होते. संकलन करणारा मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, “काका, आजोबांचा आवाज फार थरथरतो, मध्येच सूर सुटतो. इथे सनई घालू का?” त्याने आम्हांस तो भाग ऐकविला. आणि वाचकहो, आम्ही काय ऐकले? तिसऱ्या चरणात बाराव्या अक्षरावर यती हवा, तो आजोबांनी चार अक्षरे आधीच घेतला, हे ऐकले. छत्तीस वर्षे वह्या तपासल्याची सवय. “वृत्तही चुकले आहे,” आम्ही म्हटले, “घाल सनई.”

आषाढात चित्रपट सुपूर्द झाला. सर्वांस आवडला.

येथे आमचा आणखी एक पराक्रम सांगितला पाहिजे. चांगल्या प्रतीच्या चित्रणास तासाला सुमारे पंचेचाळीस गिगाबाईट जागा लागते. तीन कॅमेरे चार-चार तास चालले, आणि सुरक्षिततेसाठी सगळ्याच्या दोन प्रती ठेवल्या, तर एकाच लग्नास हजारावर गिगाबाईट होतात. दर सराईत नव्या डिस्कांचे बिल पाहून आमचा जीव वरखाली होई. म्हणून आम्हीच नियम केला होता की, काम सुपूर्द केल्यावर तीस दिवसांनी मूळ चित्रण पुसावे. नियम करारावर छापलाही होता. त्या वर्षी श्रावण अधिक आला, दुकान ओस, आम्ही वही घेऊन बसलो आणि एकेक लग्नापुढे ‘पुसले’ असे तांबड्या शाईने लिहीत गेलो. त्यांत हेही लग्न होते.

भाद्रपदात आजोबा गेले. आश्विनात त्यांचे चिरंजीव आणि आजी दुकानात आली. चिरंजीव सुशिक्षित, समजूतदार, ते म्हणाले, “करारात लिहिले आहे हे आम्ही जाणतो. तरी बाबांचे काही शिल्लक असेल तर पाहावे म्हणून आलो.” आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “मास्तर, यांनी ते मंगलाष्टक महिनाभर लिहिले. रात्री उठून खोडायचे. मला चाल ठाऊक आहे, शब्द नाहीत. कागद सापडत नाही. तुमच्या यंत्रात असेल ना?”

आम्ही चित्रपट लावून पाहिला. आजोबा त्यात साडेतीन सेकंद होते. ओठ हलत होते आणि सनई वाजत होती.

“नाही, आजी,” असे आम्हांस म्हणावे लागले. नियम आमचा, तांबडी शाई आमची, ‘घाल सनई’ हे शब्द आमचे. यांतले आजींस काहीच ठाऊक नव्हते. त्या उलट आम्हांलाच म्हणाल्या, “असू द्या. तुम्ही तरी कुठवर जपून ठेवणार?” आणि उठल्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कुटुंबाने विचारले, तेव्हा सर्व सांगितले. ती म्हणाली, “चित्र पुसलेत. पण आवाजाचे ते लहानसे यंत्र वेगळे असते ना, गुरुजींच्या मंत्रांसाठी लावता ते?”

पहाटेच पुतण्यास उठविले. कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकास जोडावयाचा तो मुठीएवढा रेकॉर्डर जूनमधल्या शेवटच्या लग्नानंतर पिशवीतच पडून होता. आवाजास जागा थोडी लागते, तासास अर्धा गिगाबाईटसुद्धा पुरे. त्यामुळे त्याचे कार्ड कधी भरले नव्हते, आणि भरले नाही म्हणून कोणी पुसले नव्हते. चातुर्मासामुळे त्यावर नवे काही चढलेही नव्हते. पुतण्याने एकेक तुकडा लावून पाहिला. कोठे बँडवाले, कोठे कोणाचे तरी नाव पुकारणे. आणि एकाएकी आजोबांचा आवाज.

या खेपेस आम्ही वृत्त मोजले नाही. तिसऱ्या चरणात नातीचे नाव गुंफलेले होते. त्या नावाशी आल्यावर त्यांचा कंठ दाटला होता. ते थांबले, आणि मग पुढचे म्हटले. आम्ही ज्यास यतिभंग म्हणून हसलो होतो तो हा. चरण निर्दोष होता. आम्ही कागदावर उतरून घेतला तेव्हा एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती.

पुतण्या आणि आम्ही तो आवाज आणि तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो, आणि सनईची गोष्टही सांगून टाकली. पुतण्याचे म्हणणे होते की, ती सांगण्याचे काही कारण नाही. परंतु ते न सांगता आजींच्या हातचा चहा आम्हांस गेला नसता. चिरंजीव गप्प राहिले. त्यांस राग आला होता, आणि तो योग्यच होता. आजींनी मात्र आवाज दोनदा ऐकला, आणि तिसऱ्यांदा चालीत स्वतः हलकेच म्हणू लागल्या. आम्ही दोघे जिना उतरून आलो.

त्या दिवसापासून दुकानात तीन गोष्टी बदलल्या. मूळ चित्रण आता एक वर्ष राहते. डिस्कांचा खर्च करारातच धरतो, आणि पुसण्यापूर्वी घरी दूरध्वनी करून विचारतो. अंतरपाट धरल्यापासून सप्तपदी संपेपर्यंत एक कॅमेरा तिकाटण्यावर अखंड चालतो, त्यास कोणी हात लावावयाचा नाही. आणि आमच्या वहीत मुहूर्त, कार्यालय, बयाणा या रकान्यांपुढे एक नवा रकाना आहे: ‘घरातील वडीलधारी माणसे’. लग्न ठरवावयास येणाऱ्यांस आम्ही आजोबा कोण, आजी कोण, कोणाची आत्या मंगलाष्टके म्हणणार, हे विचारतो. तरुण मंडळींस प्रथम ही चौकशी चमत्कारिक वाटते. त्यांस सूर्यास्ताच्या वेळचा ड्रोन हवा असतो. तोही आम्ही देतो. धंदा आहे, आणि त्यावर दुकानातील मुलांची घरे चालतात.

वृत्त तपासण्याची खोड गेली आहे असे मात्र नाही. परवाच एका मामांनी मंगलाष्टकात सरळ दोन अक्षरे जास्त कोंबली. आम्ही मान खाली घालून बसलो, आणि संकलन करणाऱ्या मुलास म्हटले, “राहू दे, जसे आहे तसे राहू दे.”

असो. तुळशीचे लग्न जवळ आले आहे. नव्या वहीच्या रेघा आखावयाच्या आहेत.