घरी कोण आहे?

म्हाताऱ्या माणसाला कॅज्युअल्टीत जास्त प्रश्न विचारू नयेत, असं मी बरीच वर्षं मानत आले. एक विचारलं की दहा ऐकावी लागतात, आणि तेवढ्यात दारात सर्पदंशाचा पेशंट येऊन पडतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९९ साली पासष्टीच्या पुढच्यांपैकी कुणाला पुढे धोका आहे हे ओळखायला सहा प्रश्न तयार केले. आजारपणाआधी रोजच्या कामाला कुणाची मदत लागायची का, आता जास्त लागते का, सहा महिन्यांत दवाखान्यात राहिलात का, दिसतं का, आठवतं का, रोज तीनपेक्षा जास्त औषधं घेता का. एवढंच. मी ते वाचून बाजूला ठेवले होते. तिकडे वेळ असेल, म्हटलं.

मग डिसेंबरात पाथर्डी तालुक्यातली एक आजी आली. कपाळाला खोक. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, घरी. का पडली, हे मी विचारलं नाही. बी.पी. पाहिलं ते झोपवूनच.

पाचव्या दिवशी ती परत आली, खुब्याचं हाड मोडून. रात्रभर अंगणात पडून होती. सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. तो म्हणाला, "पहाटं उठली की आजीला चक्कर येती." मुलगा-सून दिवाळीनंतर कारखान्याला, ऊसतोडीला गेलेले. पिशवीत बी.पी.च्या दोन पाकिटांतल्या गोळ्या होत्या, एक सरकारी दवाखान्यातली, एक मेडिकलमधली. रंग वेगळे, औषध एकच. ती दोन्ही घेत होती. पहिल्या दिवशी तिला उभं करून बी.पी. मोजलं असतं, तर उठल्यावर ते घसरतं, हे दोन मिनिटांत कळलं असतं.

आता मी विचारते. त्या सहा प्रश्नांवरून पुढचं नेमकं भाकीत होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय आणि मला ते मान्य आहे. नुसते उत्तरांचे गुण मांडून कुणाचा जीव वाचत नाही. पेशंटच्या घरी कुणाला तरी जावं लागतं. याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या घरोघर जायच्या, म्हणून त्यांना घर ठाऊक असायचं. विद्यार्थी असताना ते काम पाहून मी भारावले होते, आणि माझ्याच टेबलावर त्याचा विसर पडला. आता सहा प्रश्नांना मी सातवा जोडलाय, घरी कोण आहे? तोडीच्या हंगामात तो आधी विचारते. उत्तर 'कुणी नाही' आलं की पेशंट निघण्याआधी गावच्या आशाताईंना फोन जातो.

आजीपाशी मी चूक कबूल केली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिची काळजी वेगळीच होती. "पोराला नका कळवू बाई. उचल घेतलीया. तोड सोडून आला तर मुकादम काय म्हणंल?"

ऑपरेशनआधी फोन करावाच लागला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे आला, अंगावर उसाचं पाचट तसंच होतं.