शंख आणि गवताचे पाते

डोळे मिटले की जग दिसेनासे होते. परंतु कान मिटता येत नाहीत. मनुष्य गाढ झोपेत असला तरी त्याचे कान पहाऱ्यावर असतात. बाळ जरासे कुरकुरले की आई जागी होते, ती या पहारेकऱ्यामुळेच. जे न मागता अहोरात्र मिळते, त्याची किंमत सहसा कळत नाही. म्हणूनच ज्याला ऐकू येत नाही, त्याची अडचणही इतरांना लवकर उमगत नाही. दृष्टिहीन माणसाला वाट दाखवण्यास चार जण पुढे होतात. ऐकू न येणारा मनुष्य मात्र भलतेच उत्तर देऊन बसला की लोक हसतात. त्या हसण्याच्या भीतीने तो हळूहळू बोलणेच कमी करतो आणि भरल्या घरात एकटा पडतो.

असे एकटेपण एका मुलाने आपल्या वडिलांच्या चेहऱ्यावर रोज पाहिले होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात कॅम्डेन नावाचे एक लहान गाव आहे. तेथे कोलिन क्लार्क हे औषधांचे दुकान चालवीत. त्यांना कमी ऐकू येई. गिऱ्हाईक काय मागत आहे हे न कळल्यामुळे ते त्याला पुन्हा मोठ्याने सांगावयास लावीत. मग कोणाला कोणते औषध हवे आहे, हे दुकानातील सर्वांनाच कळे आणि गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही ओशाळत. त्यांचा मुलगा ग्रॅम याचा जन्म 1935 सालचा. वडिलांची ही अवघडलेली स्थिती पाहतच तो वाढला. मोठेपणी तू कोण होणार, असे शाळेत विचारले असता, ‘मी कान दुरुस्त करणार,’ असे उत्तर त्याने दिले. तेव्हा तो अवघा पाच वर्षांचा होता. लहान मुले अशी उत्तरे देतात आणि विसरून जातात. ग्रॅम विसरला नाही. तो वैद्यकशास्त्र शिकला आणि कानाचा शल्यचिकित्सक झाला.

शल्यचिकित्सक झाल्यावर त्यांना कळून आले की, कान दुरुस्त करणे ही सोपी गोष्ट नाही. आवाज म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात. त्यांच्यामार्फत ही कंपने आतल्या कानात पोहोचतात. तेथे वाटाण्याएवढा एक शंख असतो. त्याला शास्त्रात कर्णावर्त म्हणतात. गोगलगाईच्या शंखाप्रमाणे त्याला सुमारे अडीच वेढे असतात. त्यात द्रव भरलेला असतो आणि त्याच्या आतल्या पडद्यावर सुमारे 15,000 केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात. वाऱ्याच्या झुळकेने शेतातील पीक डोलावे, तसे या पेशींवरील सूक्ष्म केस कंपनांनी डोलतात. त्या डोलण्याचे विजेच्या संदेशात रूपांतर होते, श्रवणतंतू तो संदेश मेंदूकडे नेतात आणि मगच ‘ऐकू आले’ असे आपण म्हणतो. या शंखात प्रत्येक स्वराची जागाही ठरलेली आहे. बासरीसारखे उंच स्वर शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी टिपतात, तर ढोलासारखे खालचे स्वर टोकाजवळच्या पेशी.

पडद्याला छिद्र पडले किंवा हाडांत दोष आला, तर शस्त्रक्रियेने पुष्कळदा उपाय करता येतो. केशपेशी थोड्या उणावल्या असतील, तर आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र उपयोगी पडते. परंतु केशपेशी बहुतेक नष्टच झाल्या असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी काय उपयोग? दार ठोठावणारा कितीही जोराने ठोठावो, आत दार उघडणाराच नसेल तर ते बंदच राहणार. आणि माणसाच्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

अशा वेळी एकच मार्ग उरतो. केशपेशींना वगळून, विजेच्या हलक्या स्पंदनांनी थेट श्रवणतंतूंनाच जागे करावयाचे. ही कल्पना क्लार्क यांच्या आधीच काहींना सुचली होती. 1957 साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस या दोघांनी, आणि 1961 साली अमेरिकेत विल्यम हाउस यांनी तसे प्रयोग केले होते. त्या प्रयोगांत रोग्याला आवाजाची जाणीव झाली. परंतु बोलण्यातील शब्द वेगळे ओळखता येईनात. 1966 च्या सुमारास अशा संशोधनाचा एक लेख क्लार्क यांच्या वाचनात आला. त्यांनी आपला चालता व्यवसाय सोडला आणि ते पुन्हा विद्यार्थी होऊन सिडनी विद्यापीठात संशोधनास लागले. 1970 साली ते मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. निसर्गाने जे काम हजारो पेशींवर सोपवले आहे, ते मूठभर तारांनी कसे होणार, असा त्यांचा सवाल होता. आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पैशांचीही चणचण होती. संशोधनासाठी क्लार्क यांना लोकांपुढे हात पसरावे लागले.

त्यांच्यापुढील एक अडचण तर फारच विचित्र होती. वेगवेगळ्या स्वरांसाठी शंखात वेगवेगळ्या ठिकाणी वीज पोहोचवावयाची, तर बारीक तारांचा जुडगा त्या वळणदार पोकळीत खोलवर सरकवणे भाग होते. मऊ जुडगा आत सरकेना, आणि ताठ जुडगा वळण घेईना; शिवाय आतील नाजूक भागास इजा होण्याचे भय. 1977 साली क्लार्क आपल्या मुलाबाळांसह मिन्नामुरा येथील समुद्रकिनाऱ्यावर सुटीसाठी गेले होते. वाळूत त्यांना एक शंख सापडला. त्याची वळणे कानातील शंखासारखीच होती. त्यांनी जवळची गवताची पाती खुडली आणि ती एकेक करून शंखात सरकवून पाहिली. पाते अलगद वळत आत गेले! कारण गवताचे पाते टोकाला लवचीक असते आणि बुडाकडे ताठ होत जाते. टोक वळण शोधते आणि बूड त्याला पुढे ढकलते. तारांचा जुडगाही तसाच केला पाहिजे, हे त्यांनी त्या क्षणी ओळखले. त्या किनाऱ्यावर शंख आणि गवत हजारो लोकांनी पाहिले असेल. परंतु ज्याच्या मनात दहा वर्षे एकच प्रश्न घोळत होता, त्यालाच त्यांनी उत्तर दिले.

1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्नमध्ये रॉड सॉण्डर्स या गृहस्थांच्या कानात पहिले यंत्र बसवण्यात आले. मोटार अपघातात त्यांचे ऐकणे गेले होते. शस्त्रक्रिया यशस्वी होईल अशी हमी कोणीही देऊ शकत नव्हते. तरीही ते आपणहून तयार झाले. शस्त्रक्रिया आठ तासांहून अधिक चालली. जखम भरून आल्यावर यंत्राची चाचणी घेण्यात आली. यंत्रातून राष्ट्रगीताची धून वाजवताच सॉण्डर्स ताडकन उठून उभे राहिले. पुढे एके दिवशी, बोलणाऱ्याच्या ओठांकडे न पाहता त्यांनी काही शब्द ओळखून दाखवले. तेव्हा क्लार्क शेजारच्या खोलीत गेले आणि त्यांना आनंदाने रडू कोसळले. पाच वर्षांच्या मुलाने दिलेला शब्द त्रेचाळिसाव्या वर्षी खरा झाला होता.

अर्थात हे यश एकट्या क्लार्क यांचे नव्हे. त्याच काळात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी इंगेबोर्ग होखमायर व त्यांचे पती एर्विन यांनीही असेच यंत्र घडवले होते, तर अमेरिकेतील ब्लेक विल्सन यांनी आवाजाचे विजेच्या संदेशात रूपांतर करण्याची अधिक चांगली रीत पुढे शोधून काढली. 2013 साली क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना लास्कर पारितोषिक विभागून देण्यात आले.

या यंत्राला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. कानामागे लावलेला बाहेरचा भाग आवाज टिपतो आणि त्याचे संकेतांत रूपांतर करतो. चुंबकाने डोक्यावर चिकटलेल्या चकतीतून ते संकेत कातडीखाली बसवलेल्या आतल्या भागाकडे जातात. तेथून ते तारांच्या जुडग्यातून शंखात पोहोचतात. सॉण्डर्स यांच्या यंत्रात वीज पोहोचवणारी टोके 10 होती. पुढे अशा यंत्रांत ती 22 पर्यंत वाढली. कोठे 15,000 केशपेशी आणि कोठे 22 टोके! पुष्कळांना प्रथम ऐकू येणारा आवाज माणसाचा वाटतच नाही. तो यंत्राच्या खरखरीसारखा किंवा चिवचिवाटासारखा वाटतो. मग एवढ्याशा सामग्रीवर शब्द कसे समजतात? उरलेले काम मेंदू करतो. तो दिवसेंदिवस त्या खरखरीत अर्थ शोधत राहतो, आणि एके दिवशी तिच्यातून आईचा आवाज वेगळा उमटतो.

म्हणूनच शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला हे यंत्र पहिल्या काही वर्षांतच मिळाले, तर त्याचा फायदा सर्वांत अधिक होतो. कारण भाषा आत्मसात करण्यासाठी मेंदू त्याच वयात सर्वांत उत्सुक असतो. परंतु पाणी, भाकरी, चिमणी असा एकेक शब्द त्याला शेकडो वेळा ऐकवावा लागतो. ते काम आईवडील आणि वाचा शिकवणारे शिक्षक वर्षानुवर्षे करतात. यंत्र खर्चाचे असल्याने ते प्रत्येक घराला परवडणारे नाही. आपल्या देशात केंद्र सरकारच्या योजनेतून लहान मुलांना ते विनामूल्य मिळू शकते. 1983 साली मुंबईत वांद्रे येथे स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी पुढाकार घेते.

हे यंत्र सर्वांसाठी नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. ज्याचे श्रवणतंतूच नाहीत, त्याला त्याचा उपयोग नाही. कित्येक कर्णबधिर व्यक्तींना ते नकोही असते. त्यांची खुणांची भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पुरी भाषा आहे; तिच्यात विनोद होतात, भांडणे होतात आणि कविताही होतात. आणि ज्यांनी यंत्र घेतले आहे, त्यांच्यासाठीही गोंगाटात बोलणे समजणे कठीण असते. रात्री यंत्र काढून ठेवले की त्यांची जुनी शांतता परत येते.

तेव्हा वर्गात असा एखादा सोबती असेल, तर त्याच्यासाठी ओरडण्याची गरज नाही. त्याच्यासमोर येऊन, तोंडावर हात न धरता, सावकाश बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. आणि त्याला समजले नाही, तर ‘जाऊ दे’ असे न म्हणता पुन्हा सांगावे. ‘जाऊ दे’ हे दोन शब्द ऐकू न येणाऱ्याला सर्वांत अधिक दुखवतात. शास्त्रज्ञ कानात यंत्र बसवू शकतात. परंतु त्या कानाशी बोलणारे कोणी नसेल, तर ते यंत्र मुकेच राहील.