लायसन मिळाले, शिक्षण राहिले

आमच्याकडे दुचाकीचे लायसन २००२ सालापासून आहे. पण गाडी चालवायला आम्ही शिकलो ते २०१८ साली, एका मावशींचे हाड मोडल्यावर. मधली पंधरा-सोळा वर्षे आम्ही रस्त्यावर काय करत होतो ते आज वाचक बंधु-भगिनींना सांगायचे आहे. सांगताना लाज वाटते, पण आमच्यासारखे पुष्कळ जण आहेत म्हणून सांगितलेच पाहिजे.

बी.कॉम. होऊन आम्ही नुकतेच कारकून म्हणून लागलो होतो. हप्त्यावर जुनी स्कूटर घेतली. कचेरीतल्या एकाने एजंट गाठून दिला. एजंटाने पैसे घेतले, फोटो घेतले, दोन-चार सह्या घेतल्या. मैदानात गाडीने आठचा आकडा काढून दाखवावा लागतो असे ऐकले होते, तो आम्ही कधी काढलाच नाही. लायसन हातात पडले तेव्हा आईने चाळीत पेढे वाटले. बी.कॉम.साठी तीन वर्षे अभ्यास केला, टायपिंगची परीक्षा दोनदा दिली. ज्या कामात माणूस मरू शकतो त्याची परीक्षा मात्र एकदाही दिली नाही. यात काही वावगे आहे असे घरात कोणालाच वाटले नाही, आम्हालाही नाही.

पुढे समाजकार्याचे वेड लागले. कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाची शिष्यवृत्ती थांबली, कोणाला रात्री रक्ताची बाटली हवी, की फोन आम्हाला. हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खुपसून बोलत बोलत गाडी हाकण्यात आम्ही तरबेज झालो. घरातून कोणी हटकले तर उत्तर ठरलेले, "लोकांचं काम आहे. थांबून कसं चालेल?"

२०१७ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास धाकट्या मुलीला शिकवणीहून घेऊन येत होतो. पिंपरीत आमच्या वस्तीच्या तोंडाशी रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना भाजीच्या गाड्या. मंडपवाल्याचा फोन आला. तो दोनशे खुर्च्या म्हणत होता, आम्ही तीनशेवर अडून बसलो होतो. डोळे समोरच होते, पण दिसत होत्या खुर्च्या. मुलगी मागून ओरडली, "पप्पा, समोर!" ब्रेक दाबेपर्यंत धडक बसली होती.

धुण्याभांड्याची कामे उरकून घरी चाललेल्या आमच्याच वस्तीतल्या मावशी रस्त्यावर पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले. मुलीचा कोपर सोलवटला. आम्हाला खरचटलेसुद्धा नाही.

दवाखान्यात चौकशीला पोलीस आले. खाटेवरून मावशी म्हणाल्या, "भाऊंची चूक नाही. मीच आडवी आले. मला तक्रार द्यायची नाही."

आम्ही गप्प बसलो. सभेत तासतासभर बोलणारा माणूस, त्या खाटेपाशी एक शब्द बोलला नाही. गाडीचा विमा संपून चार महिने झाले होते. पहिला विचार मनात आला तो सुटलो असा.

पतपेढीचे कर्ज काढून ऑपरेशनचा खर्च आम्ही केला. त्यावर वस्तीत आमचे कौतुक झाले. चूक नसताना भाऊंनी पदरचे पैसे घातले, असे लोक म्हणू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही फोनवर होतात ना?" तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. त्या रात्री घास उतरला नाही.

मावशी सात महिने कामाला जाऊ शकल्या नाहीत. चार घरांपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावून घेतली. आजही त्या काठी टेकत चालतात. दोनशे का तीनशे खुर्च्या, एवढ्यासाठी.

२०१८ साली आम्ही वस्तीपासून लांबच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. लांबच्या, कारण ओळखीचे कोणी पाहील ही भीती होती. शिकवणारे एस.टी.तून निवृत्त झालेले चालक होते. त्यांनी विचारले, "किती वर्षं गाडी चालवता?" आम्ही म्हणालो, "पंधरा-सोळा." ते म्हणाले, "मग आधी तेवढ्या वर्षांच्या सवयी काढाव्या लागतील."

त्यांनी आम्हाला अगदी पहिलीपासून शिकवले. गोल पाटी बहुधा हुकूम असतो, तांबड्या काठाची त्रिकोणी पाटी म्हणजे सावधान, निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती. आम्ही रोज त्या पाट्यांखालून जात होतो, पण त्यांतला फरक ठाऊक नव्हता. वळण्याआधी आरसा, मग मान वळवून नजर, मग सिग्नल, आणि शेवटी हँडल. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचे ते फुटांत न मोजता सेकंदांत मोजायचे. ती गाडी खांबापाशी गेल्यावर आपल्याला तिथे पोचायला निदान दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत, आणि पावसात त्याहून जास्त.

हिशेब हा आमचा पोटापाण्याचा धंदा. घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. फोन कोणाचा आहे हे पाहायला तीन सेकंद गेले तर गाडी ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीइतका रस्ता आपण डोळे मिटून गेलो. तेवढ्यात एक मूल, एक म्हातारे माणूस, एक मावशी सहज मावतात.

कोणी म्हणेल, कानात बड्स घातले की हात मोकळे राहतात. हात मोकळे राहतात, मन राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघात होण्याचा संभव सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणे हे काही फारसे सुरक्षित नाही. आमचेही डोळे समोरच होते, हे वर सांगितलेच आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. म्हणजे शंभरातली जवळजवळ चौसष्ट. मोटारीच्या काचेआड बसणाऱ्यांपेक्षा स्कूटरवर आणि पायी जाणारेच जास्त, म्हणजे आपल्या वस्त्यांतली माणसे. घरातला कमावता हात गेला की मुलांची शाळा सुटते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्या तरुणांपैकी कित्येक आज घरोघरी पार्सल पोचवतात, रिक्षा चालवतात. त्यांची रोजीच फोनवर येते. त्यांना फोन टाकून द्या म्हणणे सोपे नाही. रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला नियमांत मुभा आहे, तीही लक्ष ढळत नसेल तर. तेव्हा पत्ता निघण्याआधी पाहून घ्यावा. नवी ऑर्डर आली तर गाडी कडेला घेऊन, पाय टेकून मग बघावी. एक मिनिट जाईल. एक ऑर्डर गेली तर उद्या दुसरी मिळेल.

कायदाही आता कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली हातात फोन धरून गाडी चालवणे धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. आणि विमा नसेल तर भरपाई मालकाच्याच खिशातून जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

२०२२ साली वस्तीतल्या विहारात तरुण मुलामुलींसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. रस्त्यावरच्या पाट्या, नियम, लर्निंग लायसनचा अर्ज, एवढेच. पहिल्या रविवारी आमचे निवृत्त चालक गुरुजी आले होते. मावशीही नातवाला घेऊन आल्या होत्या. बोलायला उभे राहिलो आणि ठरवले नसतानाही सगळे सांगून टाकले. फोन, खुर्च्या, दवाखान्यातले गप्प बसणे. मुलगी मागच्या रांगेत होती. तिने मान खाली घातली नाही.

वर्ग संपल्यावर मावशींपाशी गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊ. कानाशी फोन दिसला होता मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्याविरुद्ध माझं कोणी ऐकलं असतं का?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अन्यायाविरुद्ध बोला असे इतरांना सांगत फिरणाऱ्या आमच्याविरुद्ध बोलायला आमच्याच वस्तीतली बाई कचरली होती.

मित्रहो, शिक्षणाने आपल्याला माणसात आणले असे आपण अभिमानाने म्हणतो. मुलाच्या क्लासला पोटाला चिमटा घेऊन पैसे भरतो. मग तो अठरा वर्षांचा झाला की एजंटाला पैसे देऊन त्याच्या हाती किल्ली का देतो? लर्निंग लायसन मिळाल्यावर पक्क्या लायसनसाठी निदान तीस दिवस थांबावे लागते. ते दिवस शिकण्यासाठी आहेत. जाणत्या माणसाकडून शिकू द्या, परीक्षा त्याची त्याला देऊ द्या. नापास झाला तर पुन्हा देईल. मुलींनाही शिकवा.

आमचा फोन आता गाडीच्या डिकीत बंद असतो. लोकांची कामे अडली नाहीत, वीस मिनिटे उशिरा होतात इतकेच. आमच्या धाकटीने गेल्या वर्षी लायसन काढले. आठचा आकडा पहिल्या वेळी चुकला, दुसऱ्या वेळी जमला. त्या दिवशी पेढे आम्ही वाटले. पहिला पेढा मावशींना नेऊन दिला.