ठोकळ्यांचें घर

आपल्याकडील सुशिक्षित वर्गांत 'व्हिडिओ गेम' हा शब्द उच्चारतांच कपाळास आठ्या पडतात. ज्या गृहस्थांच्या रात्री ब्रिजच्या टेबलाशीं सरतात, तेही या खेळांस कालापव्यय म्हणतात, याची आम्हांस मौज वाटते. पत्ते हातीं धरावयाचे असतात, एवढ्यानेंच ते पवित्र कां ठरावेत?

या खेळांची बाजू घेणारे लोक सामान्यतः विज्ञानाचे दाखले देतात, व ते खोटे नाहींत. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत २००८ सालीं निघालेल्या 'फोल्डिट' नामक खेळांत प्रथिनाची साखळी योग्य आकारांत दुमडावयाची असते. माकडांना एड्ससारखा रोग जडविणाऱ्या एका विषाणूच्या विकराची घडण तज्ज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ चकवीत होती. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, खेळाडूंनीं ती तीन आठवड्यांत उलगडली. तथापि असल्या दिग्विजयापेक्षां या खेळांचा घरगुती उपयोगच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आमचे धाकटे बंधु गेल्या वर्षीं निवर्तले. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला. तो जेवी, शाळेस जाई, विचारल्यास 'हो' किंवा 'नाही' म्हणे. याखेरीज चार महिने त्याच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. तीस वर्षें शोकनाट्यें शिकविणाऱ्या आमच्यापाशीं त्याच्यासाठीं एकही वाक्य नव्हतें.

सायंकाळीं तो 'माइनक्राफ्ट' खेळे. स्वीडनमध्यें २००९ सालीं जन्मलेल्या या खेळांतील जग सगळें ठोकळ्यांचें. दगड फोडावा, लाकूड तोडावें, हवें तें बांधावें. एके दिवशीं आम्ही त्याच्या शेजारीं जाऊन बसलों. तो घर बांधीत होता. नदीच्या तळची चिकणमाती खणून भट्टींत भाजली म्हणजे तिचे तांबूस ठोकळे होतात. त्यांनाच त्यानें चिरे कल्पिलें होतें. पडवी, माजघर, मागील दारीं विहीर! रत्नागिरीकडील आमचें वडिलोपार्जित घर आम्हीं तत्काळ ओळखलें. ओटीचें जोतें त्यानें अर्ध्याच ठोकळ्याचें केलें होतें. तें पुरा एक ठोकळा उंच हवें, असें आम्हीं म्हणतांच तो म्हणाला, "नाही काका, एवढंच होतं. बाबा इथं बसायचे ना, तेव्हा त्यांचे पाय खाली अंगणाला टेकायचे."

त्यानंतर तो बोलूं लागला. समोरासमोर बसलें म्हणजे दुःखाच्या डोळ्यांत पाहावें लागतें. येथें दोघांचेही डोळे पडद्यावर, हात कामांत, आणि बोलणें मधून मधून आपोआप झिरपतें. शेंगा सोलतांना, वाती वळतांना आमच्या घरच्या वडील बायका दुसरें काय करीत?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या खेळांच्या अनावर आसक्तीस विकारांच्या यादींत स्थान दिलें, तें आम्हांस मान्य आहे. आमच्या घरीं दिवसास एक तासाची मर्यादा असून, घड्याळ दाखविण्याचें काम सौभाग्यवतींकडे आहे. त्या कामांत त्या कसूर करीत नाहींत.

त्या जगांत नारळाचें झाड नाहीं, ही कोंकणच्या माणसास मोठीच उणीव. सध्यां गोठ्याचें काम चाललें आहे. छपराविषयीं मात्र आमचें एकमत होत नाहीं. आमच्या लहानपणीं तेथें गवताचें छप्पर होतें. तो म्हणतो, कौलें होतीं, बाबांनींच घातलीं होतीं.