सव्वा किलोचं घर

सायकलवर एकटीने लांब जायचं ठरलं की प्रत्येक वस्तूला आधी तिचं वजन विचारावं लागतं. मनाली ते लेह या वाटेवर तर जास्तच. मध्ये पाच खिंडी, त्यातली शेवटची तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. जाडजूड पुस्तक घरी राहिलं, जादा बूट राहिले. सव्वा किलोचा एकटीपुरता तंबू मात्र कॅरिअरवर चढला.

‘त्यात थंडी वाजत नाही का?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. वाजते. एवढं पातळ कापड वारा आणि पाऊस अडवतं, थंडी फारशी नाही. ते काम स्लीपिंग बॅगचं आणि त्याहून जास्त खालच्या मॅटचं, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते. आपलाच श्वास रात्रभर कापडाला आतून थेंब होऊन चिकटतो, म्हणून कितीही गारठा असला तरी डोक्याकडची झडप थोडी उघडी ठेवायची. नायलॉन भिजलं की सैल पडतं, तेव्हा झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ताणायच्या. दोन-तीन रात्रींत हे हातांना आपोआप कळायला लागतं.

तंबूने मला खरं काय दिलं असेल, तर थांबायची मुभा. उंचीवर डोकं ठणकायला लागलं की आणखी वर जायचं नसतं. पुढच्या गावातल्या खोलीचे पैसे भरलेले असले की माणूस तरीही रेटतो. मला रेटावं लागलं नाही. गाटा लूप्सची २१ वळणं दुसऱ्या दिवसावर ढकलता आली.

आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. ‘कुणी आलं तर?’ याला उत्तर नव्हतं. झिप म्हणजे कडी नव्हे. आतून बाहेरचं काही दिसत नाही आणि ऐकू सगळं येतं.

सर्चूला दुपारनंतर वारा सुटला. जमीन इतकी खडकाळ की खुंट्या आत जाईनात. मी दोऱ्या दगडांना बांधत होते, तेव्हा शेजारच्या पॅराशूटच्या कापडाच्या ढाब्यातली बाई बाहेर आली. काही न बोलता तिने दोन मोठे धोंडे आणून ठेवले. मग तंबूचं तोंड फिरवून आपल्या ढाब्याकडे करायला लावलं. ‘रात को आवाज़ देना, सुनाई देगा,’ एवढंच म्हणाली. रात्रभर कापड फडफडत होतं. मधूनच तिचा खोकला ऐकू यायचा, आणि मला पुन्हा झोप लागायची.

आपलं ओझं आपण वाहिलं की वाटतं, आता कुणाची गरज नाही. पण तंबू एकटीचा असला तरी जमीन कुणाची तरी असते, आणि तिथली माणसंही. तंबूमुळे त्यांच्याकडे छप्पर मागावं लागत नाही. शेजार मात्र मागावा लागतो, आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

आईला आता सांगते, दार कुणाकडे करायचं ते बघून तंबू लावते.