खेळाचा तास आणि अभ्यासाचा तास

दहावीचें वर्ष लागलें कीं पुष्कळ घरांतून पहिला निकाल खेळाविरुद्ध लागतो. "यंदा खेळ बंद," असें वडील सांगतात. आईच्या मनांत कालवाकालव होते, पण तीही मान डोलावते. आणि खेळाचे बूट माळ्यावर जातात. खेळावर आळ असा कीं, तो अभ्यासाचा वेळ चोरतो. उभा जन्म मुलांत घालविलेल्या आम्हांस वाटतें कीं, आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून दिलेला हा निकाल एकदां तपासून पाहावा. आमचें पुणतांबें हें चांगदेवांच्या समाधीचें गांव. ते चौदाशें वर्षें जगले अशी आख्यायिका आहे. तेवढें आयुष्य इतरांच्या वांट्यास येत नाहीं. तेव्हां हातांतल्या २४ तासांचाच हिशेब मांडूं.

झोपेस ८ तास, शाळेस ६, जाण्यायेण्यास १, स्नानभोजनादि नित्यकर्मांस २ आणि मैदानास २. बेरीज झाली १९. उरले ५. त्यांतून घरकामास व विसाव्यास २ दिले तरी अभ्यासास ३ तास राहतात. मग ते जातात कोठें?

आमच्या परिचयाची एक मुलगी खो-खो खेळते. दहावीच्या आरंभीं तिचा खेळ बंद होण्याची वेळ आली, तेव्हां आम्हीं तिला आठवडाभर प्रत्येक अर्ध्या तासाचें टांचण ठेवावयास सांगितलें. वहींत दिसलें तें असें: मैदानावर ती रोज दोनच तास होती, परंतु घरीं आल्यावर साडेसातपासून नऊपर्यंतचा वेळ कोणत्याच सदरांत बसेना. थकून बसणें, मोबाईल चाळणें, पुस्तक उघडें ठेवून डुलक्या घेणें, यांतच तो संपे. शिवाय सकाळीं पाणी भरणें, पोळ्यांस हात लावणें, भावाचा डबा भरणें यांत एक तास जाई. तिच्याच वयाच्या आसपासच्या भावाच्या दिवसांत हा तास नव्हता. चोर सांपडले, पण त्यांपैकीं एकही मैदानावर नव्हता.

आतां उपाय. झोपेचे आठ तास आम्हीं प्रथम मांडले ते मुद्दाम. परीक्षा जवळ आली कीं पहिली कात्री झोपेस लागते, आणि रात्रीं दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाचें कौतुक होतें. अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप हवी असें सांगितलें. लॉस एंजेलिस येथील ११२ शालेय खेळाडूंची एक पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांस दुखापत होण्याचा संभव १.७ पट आढळला. वाचलेलें मनांत मुरतें तेंही झोपेंतच. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आहारविहाराच्या जोडीनें निद्रा व जागरण यांचेंही प्रमाण राखावयास सांगितलें आहे. तें योग्यास जितकें लागू, तितकेंच खेळाडू विद्यार्थ्यास.

दुसरें असें कीं, सगळे तास सारख्या किमतीचे नसतात. ताज्या डोक्यानें अर्ध्या तासांत जें प्रमेय उलगडतें, तें मैदानावरून दमून आल्यावर तासभर डोकें धरूनही उलगडत नाहीं. म्हणून गणित व शास्त्र यांस पहाटेचा वेळ द्यावा. संध्याकाळीं स्नान, जेवण व घटकाभर विसावा झाला कीं निबंध लिहिणें, आकृत्या काढणें, सकाळचा धडा कोणास तरी समजावून सांगणें अशीं कामें घ्यावींत. ज्याचा सराव पहाटे असतो, त्यानें हा क्रम फिरवून शाळा सुटल्यावरचा वेळ गणितास द्यावा.

तिसरें, हिशेब एका दिवसाचा न करितां वर्षाचा करावा. शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनीं होतात, आणि त्यांचा भर सहसा शालेय वर्षाच्या पूर्वार्धावर असतो; मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें येतात. म्हणजे दोन्ही हंगाम बरेचसे वेगळे आहेत. कठीण धडे उन्हाळ्याच्या सुटींतच एकदां वाचून ठेवावेत, स्पर्धांच्या महिन्यांत अभ्यास रोजच्यापुरता राखावा, आणि दिवाळीनंतर सराव निम्म्यावर आणून अभ्यास वाढवावा. स्पर्धेस बाहेरगांवीं जावयाचें असल्यास कोणते धडे बुडतील हें निघण्यापूर्वीं शिक्षकांस विचारावें. परत आल्यावर विचारणाऱ्यास दुप्पट श्रम पडतात.

चौथें आमच्या स्थानकावरून सुचलेलें. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फांटा येथेंच फुटतो. वेळापत्रकांत थोडा मोकळा वेळ राखलेला असला, तर एक गाडी मागें पडली तरी मागच्या सगळ्या अडकत नाहींत. मुलांचीं वेळापत्रकें मात्र मिनिटामिनिटाचीं, रंगीत शाईनें आंखलेलीं असतात. सोमवारीं पाहुणे आले कीं मंगळवारीं तीं भिंतीवरून उतरतात. आठवड्यांत दोन-तीन अर्धे तास कोरे ठेवावेत, म्हणजे राहिलेलें काम त्यांत सामावतें.

जाण्यायेण्याचा तासही अगदींच फुकट जावयास नको. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे लहानपणीं सुमारे सहा किलोमीटर दूरच्या शाळेंत चालत, धांवत जात असे, कारण वाहनाची सोय नव्हती. त्यानेंच २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत तीन हजार मीटर स्टीपलचेसचें सुवर्णपदक मिळविलें. मुलांवर अशी पायपीट लादावी असें आमचें म्हणणें नाहीं, परंतु एस.टी.ची वाट पाहतांना दहा शब्दांचे अर्थ किंवा दोन सूत्रें मनांत घोळविणें कोणासही जमेल.

इतकें करूनही कांहीं आठवडे असे येतात कीं दोन्ही साधत नाहींत. राज्यस्पर्धा आणि सहामाही परीक्षा एकदम आल्या, तर एकीस उणें पडावें लागतें, आणि कोणतीस तें घरानें व मुलानें मिळून आधीं ठरवावें. मात्र त्या चार आठवड्यांसाठीं साऱ्या वर्षाचा खेळ बुडवावा हा न्याय नव्हे. प्रा. दि. ब. देवधर (१८९२–१९९३) पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. एकाच मनुष्याच्या दिवसांत व्याकरण आणि क्रिकेट सुखानें नांदलीं, याचा दाखला आमच्या विद्वान घरांस दूर शोधावा लागत नाहीं.

त्या मुलीची वही तिच्या वडिलांनीं दोनदां वाचली. सहामाहीपर्यंत खेळ चालूं ठेवावा असें ठरलें; सकाळचें पाणी भाऊ भरूं लागला, आणि जेवणानंतर मोबाईल आईच्या कपाटांत जाऊं लागला. सहामाहींत तिचे गुण फारसे वाढले नाहींत, पण घटलेही नाहींत. तिचा खेळ मात्र टिकला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं हा प्रश्न उभा असेल, त्यांनीं निकाल देण्यापूर्वीं मुलाच्या हातीं एक कोरी वही द्यावी, आठवडाभर थांबावें, आणि ती वही मुलासह शेजारीं बसून वाचावी.